चार बाटल्यांचं पाणी

शालूताई गेल्याचं त्यांच्या मुलीनं, रुचितानं, मला फोन करून सांगितलं. सकाळचे अकरा वाजले असतील. मी हैदराबादला माझ्या प्रयोगशाळेत होते, आणि ती फक्त एवढंच म्हणाली, "ताई, आई गेली." मला आधी रडू आलं नाही, भीती वाटली. आता एखाद्या आकड्याबद्दल शंका आली तर मी कोणाला विचारू, अशी ती भीती होती. पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या बाईनं असं म्हणणं बरं दिसत नाही, पण खरं तेच आहे. फोन ठेवल्यावर मी यंत्र बंद केलं आणि त्या दिवशी एकही नोंद केली नाही.

शालू मेश्राम हे नाव तुमच्यापैकी कोणी ऐकलेलं असण्याचं कारण नाही. नागपुरातल्या एका सरकारी संशोधन संस्थेत त्या पाणी तपासायचं काम करत. वीसेक वर्षं केलं, आणि ती सगळी वर्षं कंत्राटावर. अकरा महिने झाले की कंत्राट संपायचं, मग कधी आठवड्यानं, कधी महिन्यानं नवीन कागद यायचा. मधल्या दिवसांतही त्या कामावर यायच्याच. त्यांचं माहेर भिवापूरकडचं. आईवडील मिरचीच्या तोडणीला जायचे. घरात विज्ञान शिकलेल्या त्या पहिल्या, आणि अंगावर कायम एक निळा कोट, ज्याच्या खिशाला पेनांनी भोकं पडलेली.

माझी त्यांची गाठ पडली ती एका नोकरीमुळे, जी घ्यायची माझी हिंमत होत नव्हती. आम्ही उमरेडचे. आजोबांच्या वेळी घरात दोन माग होते; बाबांनी ते विकले आणि एका गोदामावर चौकीदारी धरली. मी पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. केलं, चांगले गुण मिळवले, आणि पीएच.डी.साठी जिथे जिथे मुलाखत दिली तिथे एकच प्रश्न ऐकला: प्रत्यक्ष कामाचा अनुभव काय? अनुभव मिळवायचा तर 'प्रोजेक्ट असिस्टंट' म्हणून लागायचं. पगार इतका कमी होता की बाबांनी तो मला दोनदा विचारला, ऐकण्यात चूक झाली असेल म्हणून. आई म्हणाली, "बँकेची परीक्षा दे ना वं. दोन वर्षं तिथी घालवशीन आणि पुढं नंबर नाई लागला तं मंग का करशीन?" तरीही नागपुरात मनीषनगरमध्ये आणखी तिघींबरोबर एक खोली घेतली आणि मी रुजू झाले.

पहिल्या आठवड्यात मी कशालाही हात लावत नव्हते. ज्यावर फ्लोराइड मोजतात ते यंत्र परदेशातून आलेलं होतं, त्याची काचेची नळी फुटली तर प्रकल्पच थांबेल असं कोणीतरी सांगून ठेवलं होतं. मी वहीत टिपणं काढत एका कोपऱ्यात उभी. चौथ्या दिवशी शालूताई माझ्याकडे वळल्या. "काहून भेऊन राहिली वं? मशीन का चावते?" मी म्हटलं, फुटली तर? "फुटली तं फुटली. मी दोन फोडल्या आहेत. चाल, धर." आणि त्यांनी ती नळी सरळ माझ्या हातात दिली. त्यांनी माझा हात धरला नाही, नुसत्या बाजूला उभ्या राहिल्या.

आमचं काम साधं होतं. पारशिवनी तालुक्यातल्या गावांमधल्या विहिरी आणि बोरिंगचं पाणी बाटल्यांत भरून आणायचं आणि त्यात फ्लोराइड किती ते बघायचं. ते जास्त असलं तर मुलांचे दात तपकिरी होतात, पुढे गुडघे आखडतात, पाठ वाकते. पाण्याला ना वास येतो ना चव बदलते, त्यामुळे लोकांना कळायला मार्ग नसतो. संस्थेची गाडी क्वचित मिळायची. आम्ही एसटीनं जायचो, फाट्यावर उतरायचो आणि पुढे चालायचो. शालूताई सोबत असल्या की मला कशाचं काही वाटायचं नाही. त्या घराघरातल्या बायकांशी बोलत बोलत जायच्या, कोणाच्या दारात पाणी प्यायच्या, कोणाची सून माहेरून आली का विचारायच्या.

मग तो नोव्हेंबर आला. रुचिताचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होतं म्हणून शालूताई तीन दिवस रजेवर होत्या, आणि सरांनी, म्हणजे आमच्या प्रकल्पाच्या प्रमुखांनी, मला एकटीला एका गावात पाठवलं. गावाचं नाव लिहीत नाही. तिथे चार बोरिंगचं पाणी घ्यायचं होतं. पहिली फाट्याजवळ, रस्त्याला लागूनच. उरलेल्या तीन नाल्यापलीकडच्या वस्तीत, त्यातली एक शाळेच्या आवारात. मधली वाट तुरीच्या शेतांतून आणि रायमुनियाच्या, म्हणजे घाणेरीच्या, उंच झुडपांतून जात होती. एसटीत बसल्यापासून लोक एकच बोलत होते. शेजारच्या गावात आठवड्याआधी गवत कापणाऱ्या एका बाईला वाघानं ओढून नेलं होतं आणि तो वाघ अजून सापडला नव्हता. "बाई, एकटी नका जाऊ नाल्याकडे," कंडक्टरनं उतरताना बजावलं.

मी पहिली बाटली भरली. मग वाटेच्या तोंडाशी उभी राहिले. ऊन चांगलं वर आलं होतं, दूरवर कोणाचा तरी बैल हंबरत होता, भीती वाटावी असं दिसत काहीच नव्हतं. दहा पावलं गेले. झुडपात काहीतरी सळसळलं... कोंबडीही असेल, सरडाही असेल. मी परत फिरले, धावत, पाठीवरच्या पिशवीतल्या रिकाम्या बाटल्या खडखडत होत्या. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तिथूनच फिरले. वस्तीकडे जाणारं कोणी येईल म्हणून अर्धा तास थांबले, कोणी आलं नाही. परतीची एसटी दिसली तेव्हा मी जे केलं ते लिहायला आजही हात जड होतो. मी पहिल्याच बोरिंगवर उरलेल्या तिन्ही बाटल्या भरल्या. त्यांवर वेगवेगळे क्रमांक टाकले. पाण्याचं तापमान प्रत्येकाचं थोडं थोडं वेगळं लिहिलं, खरं वाटावं म्हणून. हे सगळं करायला दहा मिनिटंही लागली नाहीत.

शालूताई रजेवरून आल्या आणि त्यांनी ते नमुने यंत्राला लावले. मी मागच्या टेबलावर बाटल्या धूत होते. पहिला आकडा आला, दुसरा आला, तिसरा आला. मला न बघताही कळत होतं. चौथा आल्यावर त्या खुर्चीत मागे टेकल्या. चारही आकडे जवळजवळ एकच होते, आणि चारही मर्यादेच्या आत. महिन्याचं विवरण त्याच दुपारी तालुक्याला जायचं होतं, सरांचा निरोप दोनदा येऊन गेला होता. त्यांनी आकडे लिहिले आणि वही सरांकडे पाठवून दिली. मग दार लोटून घेतलं.

"मशीननं दाखवलं ते मी लिहिलं," त्या म्हणाल्या. "पण बाटली कुठून आली, हे मशीनले माहीत नसते. तुले माहीत आहे."

मी रडायला लागले. वाघाचं सांगितलं, वाटेचं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं होतं, त्या ओरडतील किंवा सरांकडे नेतील. त्यांनी दोन्हीपैकी काही केलं नाही. "उद्या जाऊ," एवढंच म्हणाल्या, "दोघी."

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या वाटेनं गेलो. शालूताईंनी माझं मनगट धरलं होतं आणि मोठ्या आवाजात त्या सतत बोलत होत्या, रुचिताच्या साक्षगंधाबद्दल, जेवणात वरण पातळ झालं त्याबद्दल, जावयाच्या उंचीबद्दल. नाला ओलांडताना त्यांची बोटं इतकी आवळली गेली की संध्याकाळपर्यंत माझ्या हातावर नखांचे वण होते. मला धीर यावा म्हणून धरलंय, असं मी समजले. तिन्ही बोरिंगचं पाणी घेतलं. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मंदाबाई होत्या, त्यांनी बोरिंग हापसून दिली. मधली सुट्टी झाली होती. पोरं आमच्याभोवती जमली आणि एकानं बाटली कशाला म्हणून विचारत तोंड उघडलं... समोरचे चार दात तपकिरी. शालूताई माझ्याकडे बघायचं टाळत होत्या. मी मात्र त्या मुलाच्या तोंडावरून नजर काढू शकत नव्हते.

शाळेच्या पाण्यात फ्लोराइड मर्यादेच्या कितीतरी पुढे निघालं. आणि तालुक्याला गेलेल्या कागदावर, मी भरलेल्या बाटलीच्या जोरावर, तेच पाणी पिण्यायोग्य म्हणून गेलं होतं. वाघाची भीती मला पुन्हा कधी वाटली नाही. जी वाटायला लागली ती ही.

नवे आकडे वहीत चढले आणि दोनच दिवसांत सरांच्या लक्षात आलं. सर वाईट नव्हते, घाईत असायचे. त्यांनी सगळ्यांदेखत शालूताईंना बोलावलं. "बाई, चार दिवसांत जमिनीतलं पाणी बदलतं का? एकाच बोरिंगचे दोन आकडे. कुठला खरा?" शालूताई म्हणाल्या, "दुसरा खरा आहे, सर." "मग पहिला कसा आला? इतक्या वर्षांनी यंत्र नीट लावता येत नसेल तर कसं करायचं? तुमचं कंत्राट पुढच्या महिन्यात संपतंय ना?" शालूताईंचे हात कोटाच्या खिशात होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं असतं तर मी कदाचित त्या क्षणी बोलले असते, पण त्यांनी पाहिलं नाही. मी तीन हातांच्या अंतरावर उभी होते आणि गप्प होते. माझ्या डोळ्यांसमोर आईचा चेहरा होता, बाबांचा गणवेश होता, पुढच्या महिन्यातल्या मुलाखती होत्या. सर निघून गेले. शालूताई टेबलाशी येऊन बसल्या आणि पुढचा नमुना लावला. दिवसभर आम्ही शेजारी बसून काम केलं, आणि त्या माझ्याशी नेहमीसारख्याच बोलल्या. त्याचंच मला सगळ्यात जास्त भय वाटलं.

दुसऱ्या दिवशी दहाच्या आधी मी सरांच्या दाराशी उभी राहिले. सगळं सांगितलं. सरांनी टेबलावरचे कागद बाजूला सारले. मग त्यांनी विचारलं, "आणखी किती ठिकाणी असं केलंय?" कुठेच नाही, मी म्हटलं. "हे मी कसं मानू?" मी एकटीनं गोळा केलेला प्रत्येक नमुना पुन्हा घ्यायचा असं ठरलं. तालुक्याला दुरुस्तीचं पत्र गेलं. शाळेच्या बोरिंगला, पाणी पिऊ नका या खुणेचा, लाल रंग लागला, आणि पुढे वर्षभरात गावाच्या दुसऱ्या टोकाच्या विहिरीवरून टाकी भरून शाळेत नळ आला. शालूताईंचं कंत्राट महिनाभर लोंबकळलं आणि मग आलं. मला काढून का टाकलं नाही ते मी सरांना कधी विचारलं नाही.

पीएच.डी.साठी त्यांच्या शिफारसपत्राची गरज होती. ते देतील अशी आशा नव्हती, पण त्यांनी दिलं, आणि त्यात घडलेलं लिहिलं. या मुलीनं एक गंभीर चूक केली आणि ती स्वतः येऊन सांगितली, असं. पहिल्या ठिकाणी त्यावरून मला नाकारलं. दुसऱ्या ठिकाणी, हैदराबादला, त्यांनी तासभर फक्त त्याबद्दलच विचारलं आणि मला घेतलं.

निघायच्या दिवशी शालूताई बसस्थानकावर आल्या होत्या. भिवापूरच्या मिरचीची पूड एका डब्यात घट्ट बांधून दिली. नंतर फोन होत राहिले. एखादा आकडा विचित्र आला की मी त्यांना फोन लावायची, आणि त्या विचारायच्या, "बाटली कोणं भरली?" आधी तेवढंच. मागच्या वर्षी त्यांच्या पोटात गाठ निघाली. शस्त्रक्रिया झाली, पुन्हा निघाली.

शेवटची भेट उन्हाळ्यात झाली, मनीषनगरच्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरी. भिंतीवरच्या कोनाड्यात बुद्धाची लहानशी मूर्ती होती, खाली कूलरचं पाणी ठिबकत होतं. त्या फार बारीक झाल्या होत्या. मी इतक्या वर्षांत न विचारलेलं विचारलं. सरांनी तुम्हाला सगळ्यांसमोर सुनावलं तेव्हा माझा राग नाही आला?

"राग नाई आला. भेव लागलं," त्या म्हणाल्या. "तू बोलशीन का नाई, ते माहीत नव्हतं. आणि तू नसती बोलली तं मी बोलली असती का, हेही मले माहीत नव्हतं. नोकरी गेली असती तं पोरीचं लग्न कसं केलं असतं?" त्या हसल्या. "नाल्यावरही मलेच जास्त भेव लागलं होतं. तुह्या हातावर वण उठले होते ना?"

मग त्यांनी रुचिताला चहा करायला आत पाठवलं आणि आवाज उतरवून सांगितलं. "त्या चार बाटल्या पाहिल्याबरोबर मले समजलं होतं. काहून का मीही केलं आहे. पहिल्या साली. पावसात रस्ता वाहून गेला होता, मी एका विहिरीवर दोन बाटल्या भरल्या. कोणाले समजलं नाई. मी सांगितलंही नाई. तो प्रकल्प संपला, कागद कुठं गेले माहीत नाई, गावाचं नावही आता बरोबर आठवत नाई... ते पाणी कोण पेलं असंन वं?"

मी त्यांचा हात धरला. रुचिता चहा घेऊन आली तेव्हा त्या उन्हाबद्दल बोलायला लागल्या होत्या.

अंत्ययात्रेला मला पोचता आलं नाही. तीन आठवड्यांनी, त्यांच्या स्मरणार्थ झालेल्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमानंतर, मी नागपूरला गेले. रुचिताकडे बसले, आणि का कोण जाणे, दुसऱ्या दिवशी सकाळी पारशिवनीची एसटी धरली. तीच वाट, तोच नाला. या वेळी पुढे शेतावर जाणाऱ्या दोघी बायका होत्या, त्यांच्या मागून चालले. शाळेत मंदाबाई तांदूळ निवडत होत्या. मला ओळखायला त्यांना जरा वेळ लागला, मग त्यांनी माझ्या मागे पाहिलं.

"बाई नाई आल्या? दिवाळी होऊन किती दिवस झाले."

मला कळलं नाही. त्यांनी सांगितलं ते असं. प्रकल्प संपल्यावरही दर वर्षी दिवाळीनंतर शालूताई एकट्या इथे यायच्या, नळाचं पाणी बाटलीत घेऊन जायच्या, आणि आठवड्यानं फोन करून मंदाबाईंना आकडा सांगायच्या. मंदाबाई तो शाळेच्या भिंतीवर खडूनं लिहायच्या. मागच्या वर्षी पोटावर टाके असताना आल्या होत्या, पायरीवर तासभर बसून मग परत गेल्या. मला त्यांनी यातलं कधी काही सांगितलं नव्हतं. संस्थेतही कोणाला माहीत नव्हतं.

शालूताई गेल्याचं मी सांगितलं. मंदाबाईंनी सूप खाली ठेवलं आणि पदर तोंडाला लावला. मग म्हणाल्या, "मंग यंदा पाणी कोण पाहीन?"

माझ्याकडे बाटली नव्हती. कोपऱ्यावरच्या दुकानातून पाण्याची एक बाटली घेतली, रिकामी केली, नळाच्या पाण्यानं तीनदा विसळली आणि भरली. चिकटपट्टी लावून तारीख टाकली, जागा लिहिली, आणि खाली माझं नाव. लिहिताना अक्षर वाकडं गेलं.

दुसऱ्या दिवशी सरांची परवानगी घेऊन मी संस्थेतल्या आमच्या जुन्या खोलीत बसले. शालूताईंच्या जागी अजून कोणी आलेलं नाही. खुर्चीवर त्यांनी शिवलेली गोधडीच्या कापडाची गादी तशीच आहे, मधोमध दबलेली. मी तिच्यावर बसले नाही, दुसरा स्टूल ओढून घेतला. नळी पाण्यात बुडवली. आकडा लगेच स्थिर होत नाही, वरखाली होत राहतो. ती दोन-तीन मिनिटं शालूताई खुर्चीच्या हातावर बोट टेकवून गप्प बसायच्या, कोणी हाक मारली तरी ओ द्यायच्या नाहीत. मीही तशीच बसले. आकडा चढला, उतरला, पुन्हा चढला... आणि थांबला. मर्यादेच्या खाली. खात्री पटेना म्हणून मी तोच नमुना आणखी दोनदा लावला.

मंदाबाईंना फोन केला. त्यांनी आकडा दोनदा म्हणवून घेतला, लिहीत असाव्यात. मागे पोरांचा गलका ऐकू येत होता.

"पुढच्या साली येशीन ना?" त्यांनी विचारलं.

येईन, मी म्हटलं. फोन ठेवून मी आकडा माझ्या वहीत उतरवला, आणि पुढे बाटली कोणी भरली ते.